जुना डेस्कटॉप दुसरी स्क्रीन म्हणून वापरता येतो का?

ए-१०३ काकू: सूनबाई टॉवेलच्या जॅकार्ड डिझाइनचं काम घरून करायलीय. लॅपटॉपवर डिझाइन आणि पार्टीचा नमुना शेजारी शेजारी मावत नाही. जुना डेस्कटॉप एचडीएमआय वायरनं जोडला, पण त्यावर काहीच येईना की ओ.

सी-३०१ दादा: स्क्रीन आणि सीपीयू वेगळे आहेत की एकातच?

काकू: एकातच.

बी-२०४ अण्णा: माझा वेगळा आहे. मलाही सांगा.

दादा: अण्णा, तुमचं सोपं. सीपीयू राहू द्या, नुसता मॉनिटर लॅपटॉपला जोडा. मागे १५ पिनांचं निळं व्हीजीए असेल तर एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घ्या. साधी वायर चालत नाही, एकीकडे डिजिटल आणि दुसरीकडे ॲनालॉग सिग्नल असतो. मग विंडोज आणि पी एकदम दाबून 'एक्स्टेंड' निवडा.

काकू, पोर्टजवळ 'इन' लिहिलंय की 'आउट'?

काकू: टॉर्च मारून बघितलं. 'आउट'.

दादा: म्हणजे दोन्हीही चित्र पाठवणारेच, घेणारं कुणी नाही. कितीही भारी वायर आणली तरी उपयोग नाही, पैसे घालू नका. नेटवर्कवरून करा. स्पेसडेस्क नावाचं सॉफ्टवेअर आहे: लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर, जुन्यावर त्याचाच व्ह्यूअर टाका. दोन्ही एकाच राउटरवर हवेत. जुन्याला लॅन केबल लावा, वायफायवर माउस अडखळतो.

एक मात्र नक्की सांगा सूनबाईंना: डिझाइन लॅपटॉपवरच ठेवायचं, नमुना आणि ऑर्डर जुन्यावर. चित्र कॉम्प्रेस होऊन येतं आणि दोन स्क्रीनचे रंग जुळत नाहीत. धाग्याची शेड तिथं बघून ठरवली तर माल परत येईल.

आणि जुन्यात विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्यावर बँकेचं काम नको.

डी-१०२ ताई: आमच्याकडे २०१३ चा आयमॅक पडून आहे, त्याचं?

दादा: त्यात टार्गेट डिस्प्ले मोड आहे, म्हणजे आयमॅक दुसऱ्या मॅकची स्क्रीन म्हणून चालतो. थंडरबोल्ट वायर लावून आयमॅकच्या कीबोर्डवर कमांड आणि एफ२. पण आयमॅकमध्ये हाय सिएरा किंवा त्याआधीची सिस्टिम हवी. समोरचा मॅकही २०१९ पर्यंतचाच, कॅटलिना किंवा त्याआधीच्या सिस्टिमवर. विंडोज लॅपटॉपला हे नाही.

ताई: माझा मॅकबुक २०१७ चा आहे. सिस्टिम बघून सांगते.

काकू: राउटर हॉलमध्ये आहे, सूनबाई आतल्या खोलीत बसते. एवढी लांब केबल मिळंल का?

अण्णा: मिळते की. संध्याकाळी कन्व्हर्टरसाठी नवी पेठेत जायलोय. भिंतीच्या कडेनं टेपनं मोजून सांगा, तुमची पण आणतो.