बांबूच्या सोफ्यातून पांढरी पावडर पडतेय, तातडीने उपाय हवा

माडाखाली: पडवीत बांबूचा सोफा करून घेतलाय. सकाळी झाडते, दुपारपर्यंत खाली पुन्हा पांढरी पावडर. रात्री आतून कुरकुर ऐकू येते. दिवाळीत पाहुणे येणार आहेत. काय मारू?

सुतारपक्षी: बांबू कुठला, माणगा की कळक? कधी तोडला? पावडर मैद्यासारखी की रव्यासारखी?

घाटावरची: वाळवीच ही. आम्ही फ्लॅटच्या भिंतींना भोकं पाडून औषध भरून घेतलं. तुम्हीही घ्या.

माडाखाली: भिंतींना काही नाही हो. माणगा, घरच्या बेटातला. पावडर मैद्यासारखी.

सुतारपक्षी: मग भुंगा. लाकडातली वाळवी रव्यासारखे दाणे टाकते. भुंग्याला बांबूतलं पिष्ट हवं असतं, म्हणून तोडल्याचा महिना विचारतोय.

व्हाळाकाठचो: आमचे आजे अवसेक तोडीत आणि म्हयनोभर व्हाळात बुडवन ठेवीत. भुंगो लागणा नाय.

सुतारपक्षी: व्हाळाचं खरं, पिष्ट पाण्यात उतरतं. अवसेचं मला पटत नाही. दोन्ही पक्षांत तोडून पाहिलंय, फरक पडला तो तोडल्याच्या महिन्यामुळे.

व्हाळाकाठचो: तुमचो अनुभव तुमका. आमच्या माटवाचे बांबू अजून शाबूत आसत.

मधलीआळी: मी तर म्हणतो फणसाचं करा. नवा असताना पिवळाधमक, वर्षागणिक तांबूस होत जातो. बांबूच्या भानगडीत पडूच नका.

माडाखाली: सोफा झालाय हो, आता फणस कुठे? सुताराला विचारलं. एप्रिलमध्ये तोडला, पंधरा दिवस उन्हात ठेवून बांधला, वर वार्निश.

सुतारपक्षी: उन्हाळ्यात बांबूत पिष्ट भरपूर असतं. पावसाळा संपल्यावर, तीन वर्षांच्या वरचाच तोडायचा. आता हे करा: कापलेली टोकं आणि पेरं घासून वार्निश काढा. 10 लिटर कोमट पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. सुईने प्रत्येक भोकात सोडा, टोकांना ब्रशने तीन हात द्या. सालीवर फासू नका, साल पाणी पीत नाही. सुकल्यावर भोकं मेणाने बुजवा, म्हणजे नवं पडलं तर लगेच दिसेल. पडवीत झड येते का?

मधलीआळी: काजूच्या टरफलांचं तेल लावा. होड्यांना लावतात.

सुतारपक्षी: बसायच्या वस्तूला अजिबात नको! त्याने कातडी भाजते, फोड येतात.

माडाखाली: झड येते, पडवी पश्चिमेला आहे.

सुतारपक्षी: मग पावसाळ्यात सोफा माजघरात घ्या. हे औषध पाण्याने धुऊन जातं.

माडाखाली: बरं. बोरॅक्स किराणा दुकानात मिळेल की शेतीच्या औषधांच्या?