दूरशिक्षणाचा अभ्यास, घरातले तान्हे बाळ आणि चित्रकलेचा छंद

प्रश्न : मी दूरशिक्षणाने मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करते आहे. दादा-वहिनींना मुलगी झाल्यापासून घर आनंदाने भरले आहे. मात्र बाळ झोपले की पुस्तक उघडायचे आणि ते जागे झाले की मिटायचे, अशी माझ्या वाचनाची गत झाली आहे. मिळेल त्या वेळात मी तिच्या मिटलेल्या मुठीची, पावलांची पेन्सिलने रेखाटने करते. परीक्षेपर्यंत हा छंद बाजूला ठेवावा का?

उत्तर १ : सर्वप्रथम, आत्या झाल्याबद्दल अभिनंदन! तुकड्यातुकड्याने होणाऱ्या वाचनाची फार काळजी करू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून केलेल्या प्रयोगांत, जे १८८५ साली प्रसिद्ध झाले, एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा काही दिवसांत विभागलेली उजळणी अधिक फलदायी ठरल्याचे दिसले. पुस्तक मिटल्यावर वाचलेले मुद्दे न पाहता लिहून काढा. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा त्याने अधिक लक्षात राहते.

उत्तर २ : पाठांतरापुरते हे मला मान्य आहे, परंतु संख्याशास्त्राची गणिते आणि स्वाध्यायांची दीर्घ उत्तरे यांना सलग वेळ लागतोच, म्हणून वहिनींशी मोकळेपणाने बोलून रोजचा एक तास ठरवून घ्या. रेखाटन मात्र अजिबात सोडू नका, कारण बाळाची ती मूठ पुन्हा इतकी लहान असणार नाही.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. वहिनींशी आजच बोलते.