टोकनवर मतदान म्हणजे लोकांचा ताबा? स्टीम आठवा

ब्लॉकचेनच्या चर्चेत एक दावा नेहमी होतो, की टोकनधारकांना (त्या चेनचं डिजिटल नाणं बाळगणाऱ्यांना) मताचा अधिकार दिला की ताबा आपोआप लोकांकडे जातो. डेव्हलपर म्हणून मला हे अजिबात पटत नाही. २०२० चं स्टीम बघा, ही लेखन-सोशल मीडियासाठीची ब्लॉकचेन. ट्रॉन या दुसऱ्या चेनच्या जस्टिन सनने तिच्यामागची, टोकनांचा मोठा साठा असलेली स्टीमिट कंपनी घेतली आणि मार्चमध्ये बायनान्स, हुओबी, पोलोनिक्स या क्रिप्टो एक्सचेंजेसनी चक्क ग्राहकांनी ठेवलेली टोकनं पॉवर-अप करून (म्हणजे मत देता यावं म्हणून अडकवून) मतं टाकली, झालं, टॉपचे वीसही विटनेस (ब्लॉक बनवणारे, मतांनी निवडलेले चालक) एका फटक्यात बाहेर. आता गंमत (?) कोडमधली आहे. तिथे एक खातं ३० विटनेसना मत देऊ शकतं आणि प्रत्येकाला पूर्ण वजनाने, वाटून नाही, म्हणजे ज्याचा गठ्ठा मोठा त्याच्या खिशात सगळ्या जागा. वर पॉवर-डाउनला, म्हणजे अडकवलेली टोकनं सोडवायला, तेव्हा १३ आठवडे लागायचे, ग्राहक बसले पैसे अडकवून.

मग लोकांनी काय केलं, तर २० मार्चला फोर्क मारून (चेनची वेगळी प्रत काढून) हाइव्ह काढलं आणि कंपनीच्या हिश्शाला एअरड्रॉपमधून, म्हणजे जुन्या धारकांना मिळणाऱ्या नव्या टोकनांच्या वाटपातून, वगळलं. आणि पुढे तिथे नवीन पॉवर-अप केलेल्या टोकनवर ३० दिवस विटनेसना मतच देता येणार नाही असं टाकलं. माझ्या मते हा छोटासा बदल दहा व्हाइटपेपरांपेक्षा (प्रकल्पांच्या कागदी आराखड्यांपेक्षा) कामाचा आहे. कंपनीला वगळणं किती न्याय्य होतं यावर मात्र भांडायला मी तयार आहे.