मदत हवी आहे: जुन्या बारा बोअर बंदुकीचा दस्ता आणि नळीवरचा गंज

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. वडिलांची शेतीसंरक्षण परवान्यावरची एकनळी बारा बोअर आता रीतसर माझ्या नावावर झाली आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, हे इथल्या परवानाधारकांना पाठ आहे. या खेपेला ती परत मिळेपर्यंत पावसाळा उलटला. खारी हवा आणि बंद खोली, मग काय होणार ते झालं.

दस्त्यावरचं (मागच्या लाकडी भागावरचं) चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश पांढरं, बुरसल्यासारखं दिसतंय. मुठीपाशी, जिथे हात धरतो तिथे, केसाएवढी चीर आहे. खटक्याच्या बाजूचं लाकूड तेल पिऊन काळं पडलंय, कारण वडील सढळ हाताने खोबरेल सोडायचे. नळीवर तांबूस गंज आहे आणि तोंडाकडे हाताला बारीक खड्डे लागतात. नळी आतून आरशासारखी आहे, एवढंच समाधान.

गावातून दोन सल्ले आलेत. एक म्हणतो, काजूच्या टरफलांचं तेल चोपड, होडीला लावतात तसं, वाळवीसुद्धा फिरकणार नाही. दुसरा म्हणतो, फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन नळी बफिंगला लाव, चकाचक होईल. दोन्ही मनाला पटत नाहीत. दस्ता घरीच करायची इच्छा आहे, सुतारकामाचा हात बरा आहे. चपड्याऐवजी काय लावू? चीर कशी बुजवू? आणि गंजाचं काय?

(माकडांचं विचाराल तर ती हल्ली बंदुकीच्या बारालाही भीक घालत नाहीत. पण बंदूक घरात आहे तर नीट असावी.)

प्रतिसाद 1
काजूचं तेल अजिबात नको. दस्ता गालाला टेकतो, आणि ते तेल कातडी भाजतं. बी फोडणाऱ्या बायकांचे हात बघा.

चपडा काढायला पॉलिश पेपर लागतच नाही. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन चोळा, विरघळून येतो. तेल प्यायलेल्या भागावर खडूची पूड थिनरमध्ये कालवून जाड लेप द्या. वाळला की झटका, पिवळा पडला असेल तर परत द्या. हे चुलीपासून लांब, अंगणात करायचं. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा, लाकूड फुगून वर येतं. पॉलिश पेपर मारायचाच तर लोखंडाला भिडणाऱ्या कडा सोडून मारा. तिथे लाकूड खाली गेलं की फट कायमची.

चीर तेलकट असताना काहीही भरलंत तरी सुटणार. आधी ॲसिटोनने आतून साफ करा, मग सावकाश वाळणारं अराल्डाइट चिरेत उतरू द्या आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळा. ट्यूबखाली प्लास्टिकचा कागद घालायला विसरू नका, नाहीतर ट्यूबसकट दस्ता मिरवावा लागेल.

वरून बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं. अगदी थोडं घेऊन तळवा गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून टाकायचं आणि पुरतं वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. थंडी पडल्यावरच हे काम काढा, दमट हवेत ते आठवडाभर चिकट राहतं. बेलतेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर मोकळ्या पसरा.

प्रतिसाद 2
बफिंगला स्पष्ट नाही. चाकाखाली नळीवरचा नंबर आणि चाचणीचे छाप पुसट होतात. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 8 नंबर खोडण्या-बदलण्याबद्दलच आहे, आणि नूतनीकरणाला बंदूक दाखवायची वेळ आली की हेतू काय होता हे पटवत बसावं लागेल. नंबराच्या आसपास फक्त तेल आणि मऊ फडकं. बाकी नळीवर पातळ मशीन ऑइल लावून रात्रभर ठेवा आणि अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने घासा. लाल गंज निघेल, खड्डे राहतील. राहू द्या.

दुसरं, त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये दुरुस्तीचाही उल्लेख आहे, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणून खटका, चाप, घोडा यांना घरी हात लावू नका. सुताराला दाखवायचं झालं तर फक्त लाकूड न्या, बंदूक त्याच्या ताब्यात देता येत नाही. बऱ्याच एकनळींमध्ये दस्ता त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखालच्या एका लांब बोल्टवर असतो, पट्टीचे दोन स्क्रू काढले की बोल्ट दिसेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पट्टी काढून बघितली, बोल्ट आहे, पण गंजून बसलाय. जोर केला तर मुठीची चीर वाढेल अशी भीती वाटते. कोल्हापूरला परवानाधारक कारागिराकडे न्यायची झाली तर मला रजा मिळत नाहीये, धाकटा भाऊ नेऊ शकेल का? परवाना त्याच्या नावावर नाही.

प्रतिसाद 2
नेऊ शकेल. कलम 3 मध्येच सवलत आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी नेता येते. पत्रात बंदुकीचा नंबर, परवाना क्रमांक, कुठे आणि कशासाठी नेतोय ते लिहा, सोबत परवाना द्या. काडतुसं घरीच ठेवायची. कारागिराकडून बोल्ट सोडवून घ्या आणि घोड्याची स्प्रिंगही बघून घ्या. काम झालं की चामड्याच्या खोळीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. कुलूपबंद कपाटात सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि पावसाळ्यात मधूनमधून तेलाचं फडकं फिरवा.