घरचा संघ, दूरचा संघ आणि निष्ठेचे दाखले

उत्तररात्र :

‘परदेशी क्लबांचे सामने पडद्यावर पाहणारे लोक चाहते नसतात, गिऱ्हाईक असतात, ज्याला आपल्या रणजी संघातील अकरा नावे सांगता येत नाहीत त्याने लिव्हरपूलचा लाल सदरा घालून मिरवू नये,’ असे तालीमकर यांनी काल लिहिले आहे. दुर्लक्ष करून पुढे जाता आले असते; परंतु निष्ठेचे दाखले वाटण्याचे हे कार्यालय त्यांनी नेमके कोणाच्या परवानगीने उघडले, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे संघ दोन आहेत, मुंबईचा रणजी संघ आणि इंग्लंडचा फुटबॉल क्लब लिव्हरपूल, आणि त्यांच्यात मी डावे-उजवे करत नाही. १४ मार्च २०२४ रोजी वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस मी प्रेक्षकांत बसून पाहिला. लक्ष्य ५३८ धावांचे असूनही अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांची जोडी फुटता फुटत नव्हती, आणि शेजारच्या अनोळखी काकांनी ‘आता जागा सोडू नकोस, तू इथे बसल्यापासून चेंडू वळायला लागलाय’ असा दम भरल्यामुळे मला पाणी प्यायलाही उठता आले नाही. कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने शेवटचा बळी घेतला, तेव्हा त्याच काकांनी माझा हात असा दाबला की जणू बळी मीच घेतला होता.

आता दूरच्या संघाविषयी. २००५ च्या मे महिन्यात इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलान ३-० असे पुढे होते आणि आमचे घर गाढ झोपले होते. जेरार्ड, श्मित्सर आणि अलोन्सो यांनी सहा मिनिटांत केलेली बरोबरी मी तोंडावर उशी दाबून साजरी केली. पुढे २०१४ मध्ये चेल्सीविरुद्ध जेरार्डचा पाय घसरला आणि हातातोंडाशी आलेले विजेतेपद मँचेस्टर सिटीकडे गेले. सोय पाहणारा माणूस त्याच आठवड्यात मँचेस्टर सिटीचा सदरा विकत घेऊन मोकळा झाला असता. लिव्हरपूलला १९९० नंतरचे पहिले लीग विजेतेपद २०२० मध्ये मिळाले. मधल्या काळात जे टिकून राहिले, त्यांना गिऱ्हाईक म्हणायचे असेल तर असा तोट्यातला व्यवहार करणारे गिऱ्हाईक कोणत्याही दुकानदाराला शोधून सापडणार नाही.

आणि घरच्या संघाकडून चाहत्याला काय वागणूक मिळते, तेही सांगतो. एका मैदानावर रणजी सामना पाहायला गेलो असता पहिल्या फाटकावरील रक्षकाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने ‘आज सामना आहे का?’ असे मलाच विचारले. आत धावफलक बंद होता आणि स्वच्छतागृहाला कुलूप होते. तरीही मी जातो. मात्र जात नाहीत त्यांना मी नावे ठेवणार नाही.

तालीमकर :

आपण फार सुंदर लिहिता, परंतु उशी तोंडावर दाबून केलेला जल्लोष हाच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. आपण ओरडलात काय आणि न ओरडलात काय, इस्तंबूलमध्ये कोणाला ऐकू येणार होते?

तुमच्याच लिव्हरपूलचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिकिटाचा दर ७७ पौंडांवर नेण्याचे ठरले, तेव्हा संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून निघून गेले. लिव्हरपूल २-० असे पुढे होते. स्टेडियम रिकामे होत असताना संडरलँडने बरोबरी साधली, आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली. ज्याच्या उठून जाण्याने मालकाला घाम फुटतो, त्याला मी चाहता म्हणतो. आपण त्या मिनिटाला काय केले असते? दूरचित्रवाणी संच बंद केला असता?

आमच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही ते वेगळेच आहे. पेनल्टी हुकवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आपल्या शेजारी पेला घेऊन उभा असतो. त्याला शिव्या देण्याआधी दहादा विचार करावा लागतो, कारण त्याचे वडील आपल्याच गल्लीत राहतात आणि त्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पेठेने वर्गणी काढलेली असते. लिव्हरपूलकडून खेळलेल्या सालाहच्या गुडघ्यासाठी आपण किती वर्गणी दिली?

उत्तररात्र :

सालाहला माझ्या वर्गणीची गरज पडेल असा दिवस येऊ नये, एवढीच प्रार्थना मी करू शकतो.

विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सी आणि नेमार यांचे दोन-दोन मजली फलक उभे राहतात, आणि सामना संपल्यावर दुचाक्यांच्या मिरवणुका निघतात. मेस्सीचे रोझारिओ शहर मंगळवार पेठेच्या हद्दीत केव्हापासून आले? शिवाय तालमींच्या संघांत आफ्रिकेतून आणलेले खेळाडूही तुम्ही खांद्यावर घेऊन नाचता, आणि ते योग्यच आहे. म्हणजे खेळाडू सातासमुद्रापलीकडून आला तर चालतो. प्रेमाने तेवढाच प्रवास केला की मात्र त्याला जकात लागते.

उठून जाण्याच्या ताकदीचा मुद्दा मला पटतो, पण तो तुमच्याच विरोधात जातो. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातील प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. ज्या मंडळाच्या तिजोरीत असा पैसा येतो, त्याला रणजी सामन्याला दोनशे माणसे आली की दोन हजार, याने काय फरक पडतो? घरच्या संघासाठीही माझे असणे-नसणे सारखेच आहे.

संत्रानगरी :

आपले भांडण चालू द्या. मला त्या वानखेडेच्या वर्णनाविषयी बोलायचे आहे. ‘घरचा संघ’ जिंकला, असे आपण म्हणता. या राज्यातून रणजीत मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ खेळतात आणि त्या दिवशी समोर उभा होता तो आमच्या घरचा संघ होता. वाडकरने चौथ्या डावात शतक काढले, संघाने ३६८ पर्यंत मजल मारली, आणि आपल्या कथेत तो केवळ काकांना घाबरवण्यापुरता येतो. मराठी क्रिकेट म्हणजे शिवाजी पार्क आणि आसपासची चार मैदाने, ही समजूत आम्ही लहानपणापासून सोसत आलो आहोत. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला, तेव्हा माझ्या दादरच्या मावसभावाने ‘चांगला प्रयत्न केलात’ असे कळवले होते. विजेत्यांना प्रयत्नाबद्दल शाबासकी देणारे शहर जगात दुसरे नसेल.

खडूस :

शाबासकी आम्ही आमच्याच माणसांना देत होतो. त्या विदर्भाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, विजयी धाव काढणारा वासिम जाफर मुंबईचा, आणि अलीकडच्या विजेतेपदात ८६३ धावा काढणारा करुण नायर कर्नाटकचा. एकूण ४२ विजेतेपदे, त्यांतली १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा, ज्या संघाने मिळवली त्याला उसन्या माणसांनी जिंकलेल्या तीन विजेतेपदांचा हिशेब ऐकवू नये.

संत्रानगरी :

भदोहीहून आलेला यशस्वी जयस्वाल मुंबईकडून खेळला की तो मुंबईच्या मातीचा चमत्कार, आणि मुंबईला नकोसा झालेला जाफर नागपूरला आला की तो उसना, हा न्याय कोणत्या ग्रंथात लिहिला आहे? पंडितांना आपणच जाऊ दिले. त्यांनी आम्हाला लागोपाठ दोन करंडक मिळवून दिले आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला हाताशी धरून अंतिम सामन्यात आपल्यालाच हरवले. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेने एका रणजी हंगामात ६९ बळी घेतले, जे त्याआधी कोणीही घेतले नव्हते, आणि यश राठोडने ९६० धावा काढल्या. ही दोन्ही मुले आमची आहेत. त्याच हंगामात उपांत्य सामन्यात मुंबई ८० धावांनी हरली. चांगला प्रयत्न केलात.

माजी पुणे सिटी :

मुंबई आणि विदर्भ यांचा वाद वाचताना मला हेवा वाटतो, कारण मी महाराष्ट्र नावाच्या संघाचा चाहता आहे. आम्ही १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये रणजी जिंकली आणि त्यानंतर वाट पाहणे हाच आमचा खेळ झाला आहे. आमची सर्वांत मोठी आठवणसुद्धा अर्धवट आहे. भाऊसाहेब निंबाळकर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, आणि समोरचा संघ सामना सोडून चक्क निघून गेला. तालीमकर, उठून जाण्याची ताकद म्हणता ती हीच का?

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यात माझी जखम आहे. मी घरचा फुटबॉल संघ निवडला होता. २०१४ पासून बालेवाडीला जात होतो, पावसात, कामावरून परस्पर, भिजलेल्या कागदपत्रांसह. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला; इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली आणि मला काय वाटते हे कोणी विचारले नाही. त्या संघाचा सदरा आता गाडी पुसायला ठेवला आहे. ज्या घराचे छप्परच कोणीतरी उचलून नेऊ शकते, त्या घराशी निष्ठा ठेवा असे सांगणे सोपे आहे.

तालीमकर :

इंग्लंडमध्ये विंबल्डनच्या चाहत्यांचा फुटबॉल क्लबही मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावाला नेण्याचे ठरले होते. ते सदऱ्याने गाड्या पुसत बसले नाहीत. २००२ मध्ये त्यांनी स्वतःचा एएफसी विंबल्डन उभारला, मोकळ्या मैदानावर निवड चाचण्या घेतल्या आणि २०११ मध्ये तो क्लब पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये नेला. पुणेकरांना एवढे जमले नसते?

माजी पुणे सिटी :

आपण आता मर्यादा सोडता आहात. विंबल्डनच्या लोकांना खालच्या पायरीपासून वर चढण्यासाठी एक शिडी होती. जिंकलात की वरच्या गटात जाल, हे नियमात लिहिलेले होते. आयएसएलमध्ये त्या काळी जागा विकत घ्यावी लागत होती. वर्गणी काढून शस्त्रक्रिया होते, फ्रँचायझी होत नाही. आणि पेठेच्या एकजुटीच्या गोष्टी सांगताना प्रेक्षकांच्या हाणामारीमुळे बंद पाडाव्या लागलेल्या आपल्याकडच्या सामन्यांचाही उल्लेख झाला असता, तर चित्र पूर्ण झाले असते.

चढाई :

इतके लांबलचक युक्तिवाद वाचले. त्यांत घरच्या किंवा दूरच्या कोणत्याही महिला संघाचे नाव आले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण सर्वांनीच रात्री उशिरापर्यंत जागून अभिमान व्यक्त केला असेल. परंतु सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या, त्या यांपैकी कोणी पाहिल्या? ‘माजी पुणे सिटी’ यांना महाराष्ट्राची मोठी आठवण शोधायला १९४८ पर्यंत जावे लागते, याचेच मला नवल वाटते. त्यांनी चुकीच्या मैदानाकडे तोंड करून वाट पाहिली.

मी जिल्हा पातळीवर कबड्डी खेळले आहे. आमच्या अंतिम सामन्याला प्रेक्षक म्हणून दोन्ही संघांच्या आया होत्या आणि एक गृहस्थ होते, जे पुढच्या पुरुषांच्या सामन्यासाठी जागा धरून बसले होते.

उत्तररात्र :

चढाई ताई, त्या २२४ धावा मी पाहिल्या नाहीत, आणि त्या दाखवल्या कोणी नाहीत ही सबब मी पुढे करणार नाही. इस्तंबूलचा सामना शोधताना मी जेवढा खटाटोप केला होता, तेवढा इथे केला नव्हता.

तालीमकर यांना मात्र मी एवढेच देईन की दूध कट्ट्यावरचा तो मुलगा माझ्याकडे नाही. लिव्हरपूलच्या कोणत्याही खेळाडूशी नजर भिडवण्याची जबाबदारी माझ्यावर नाही, त्यामुळे माझे प्रेम स्वस्तात पडते, हा आरोप मान्य. परंतु स्वस्त आणि खोटे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातील बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचा घाट घातला गेला तेव्हा आम्ही दूरचे लोकही त्याविरुद्ध होतो.

तालीमकर :

विरोधात होतात हे उत्तम झाले. मात्र तो घाट तुमच्याच डोळ्यांसाठी घातला गेला होता; आठवड्यातून एकदा मोठा सामना मागणाऱ्या दूरच्या प्रेक्षकांसाठी. चेल्सीच्या स्टेडियमबाहेर रस्ता अडवून संघाची बस थांबवणारे लोक स्थानिक होते, आणि तो बेत दोन-तीन दिवसांत कोसळला. रस्ता अडवायला रस्त्यावर असावे लागते.

ब्राझीलच्या झेंड्याचे म्हणाल तर तो आमच्याही गच्चीवर लागतो, तो मी स्वतः बांधतो, आणि त्याबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. हाणामारीबद्दल आहे, पण ते देऊन पेठेतच दुसरी हाणामारी लावून देण्याची माझी इच्छा नाही. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर या. तिकीट मी काढतो. कोणत्या बाजूला बसायचे ते मात्र आधी कळवा, कारण मध्ये बसता येत नाही.

खडूस :

जयस्वाल कोवळ्या वयात मुंबईत आला, आझाद मैदानावरील तंबूत राहिला आणि इथेच घडला. जाफर नागपूरला गेला तो पूर्ण घडून. हा फरक न समजणाऱ्यांशी वाद कसा घालावा?

संत्रानगरी :

पूर्ण घडलेल्या त्या जाफरने वयाच्या चाळिशीत, २०१८-१९ च्या हंगामात, आमच्यासाठी १०३७ धावा काढल्या. आपल्याकडे त्याच्यासाठी जागा का उरली नव्हती, याचे उत्तर अजून आलेले नाही.