पैसे उडवले म्हणून हात पसरायची वेळ येत नाही

वर एका दादांनी लिहिलंय की तरुणपणी पैसे उडवले म्हणून म्हातारपणी सरकारी अनुदानासाठी हात पसरावा लागतो. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साचे करण्यात उभी हयात घालवलेली माणसं मी रोज बघतो. ठेकेदार बदलला की पीएफ काढायचा, पोरीच्या लग्नात नाहीतर घराच्या पत्र्यात घालायचा. त्यासोबत ईपीएसचे, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेचे, पैसेही काढले की आधीची नोकरी मोजणीतून गेली. १० वर्षं भरली नाहीत तर ईपीएसची पेन्शनच नाही. आणि १५,००० पगारावर बरोबर १० वर्षं भरली, तरी हाती येतात महिना २,१४२ रुपये! हुपरीत घरी बसून चांदीकाम करणाऱ्यांना तर पीएफ माहीतच नाही.

मग उरते श्रावणबाळ योजना, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचं सरकारी अनुदान. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, म्हणजे महिन्याला १,७५०. खरं सांगा, एवढ्यात कुठलं घर चालतं? पोरगा कामाला जातो म्हणून म्हातारीचा अर्ज बाद, आणि पोरगा तर विचारतही नाही. मिळालेच तर महिना १,५००, त्यात बीपीच्या गोळ्या आणायच्या की गॅस भरायचा?

ज्यांची पोरं आता कामाला लागलीत, त्यांनी एवढं तरी सांगा: नोकरी सोडताना पेन्शनचे पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी आधीच्या नोकरीचा दाखला, घ्या. आधीची वर्षं पुढच्या नोकरीत धरली जातात.