दोन केबल बांधल्या तरी एका बॅकअपला वेग एकाच केबलचा

भाऊ, जिनिंगमधल्या दोन स्विचमध्ये १ जीबीपीएसच्या दोन केबल एलएसीपीने (अनेक केबल मिळून एकच जोड मानायची पद्धत) जोडूनही सर्व्हरचा बॅकअप १ च्या वर सरकत नाही, म्हणून तुम्ही नवा स्विच घ्यायचं म्हणताय. कृपया घेऊ नका, जुना बरोबरच चालतोय. स्विच पॅकेटं आळीपाळीनं वाटत नाही. पाठवणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांवरून हॅश (गणितानं निघणारा ठरावीक आकडा) काढून तो केबल ठरवतो, त्यामुळे एक कनेक्शन एकाच केबलवर राहतं. हे मुद्दाम केलेलं आहे: पॅकेटं मागेपुढे पोचली तर टीसीपीला (पॅकेटं क्रमाने पोचवण्याची जबाबदारी घेणारी पद्धत) ती हरवल्यासारखी वाटतात आणि वेग उलट घसरतो. वजनकाटा, ऑफिस, कॅमेरे एकदम चालू असले की दोन्ही केबल कामाला येतात. तरीही एकच भरत असेल तर हॅश फक्त मॅकवर (यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावर) आहे का बघा. राउटरमार्गे जाणाऱ्या सगळ्या ट्रॅफिकला तिथे राउटरचाच मॅक लागतो. हॅश आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांकावर करा.

दुसरी केबल तिसऱ्या स्विचला न्यायची असेल तर साधा एलएसीपी पुरणार नाही, स्टॅकिंग किंवा एमलॅग (दोन स्विच एकच असल्यासारखे वागवायची सोय) लागेल. आणि गोदामापर्यंत तांब्याची केबल नको, फायबरच टाका. आपल्याकडच्या मृगातल्या विजा तांब्यातून येऊन स्विचमधली केबल लावायची पोर्ट जाळतात.